पेशी-आसंजन

बहुपेशीय सजीवांच्या पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या आधारकाला, म्हणजे पेशींबाहेरच्या आधार देणाऱ्या जाळ्याला, धरून राहतात, त्या क्रियेला पेशी-आसंजन म्हणतात. हा नुसता चिकटपणा नव्हे. पेशीपटलातून आरपार गेलेली प्रथिने कोणाला धरायचे ते निवडतात आणि वेळ आली की सोडतातही.

१९०७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज, म्हणजे एक साधा जलचर प्राणी, बारीक रेशमी कापडातून दाबून गाळला. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा गोळा झाल्या आणि त्यांतून स्पंज उभे राहिले.

प्राण्यांत पेशी-पेशींमधली पकड मुख्यतः कॅडहेरिन प्रथिनांची असते. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी ती शोधली. तिला कॅल्शियम लागते, ते काढून घेतले की पेशी सुटतात. कॅडहेरिन बहुधा आपल्याच जातीच्या कॅडहेरिनला धरते, त्यामुळे भ्रूणातल्या ऊती वेगळ्या होऊ शकतात. त्वचेत आणि हृदयाच्या स्नायूत डेस्मोसोम नावाचे जोड असतात. पेम्फिगस या आजारात शरीराची स्वतःची प्रतिपिंडे याच जोडांवर हल्ला करतात आणि अंगावर फोड येतात.

दुसरी पकड आधारकाशी, म्हणजे बहुतांशी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जाळ्याशी असते. ती इंटिग्रिन प्रथिने सांभाळतात. हे जाळे किती चिवट असते ते कोल्हापुरी चपलेत दिसते. कातडे चुन्यात भिजवले की केसांच्या मुळाशी असलेल्या कोवळ्या पेशी आणि बाह्यत्वचा सैल होतात. मग केस खरवडून काढतात. आतल्या बाजूचे मांसही तासून टाकतात. उरते ते मुख्यतः कोलॅजेन. बाभळीची साल आणि हिरडा यांतली टॅनिने, म्हणजे तुरट द्रव्ये, त्याच्या तंतूंना बांधतात, म्हणून ते कुजत नाही. थोडक्यात, पायात असतो तो पेशींचा आधारक. पेशी केव्हाच गेलेल्या असतात.

वनस्पतींत प्रकार निराळा. शेजारच्या पेशीभित्ती मधल्या पेक्टिनच्या थराने सांधलेल्या असतात. फळ पिकताना विकरे (एन्झाइम) हा थर विरघळवतात, म्हणून पपई मऊ पडते.

कर्करोगाच्या बऱ्याच गाठींत कॅडहेरिनची पकड ढिली पडते आणि पेशी रक्तातून दूरच्या अवयवांत पोचतात. झाडांनाही गाठी येतात, पण भित्तीत अडकलेल्या पेशी तशा निसटून पसरत नाहीत.