स्फोटजन्य मेंदूइजा

स्फोटातून निघालेल्या दाबलहरीमुळे मेंदूला होणारी इजा. हिच्यात कवटी फुटलेली नसते, कातडी फाटलेली नसते, सौम्य प्रकारात तर सी.टी. स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो; तरी डोकेदुखी, भोवळ, विसर, झोपमोड आणि चिडचिड महिनोन्महिने पाठ सोडत नाही. सुरुंग, आय.ई.डी. (हाताने जुळवलेला बॉम्ब) किंवा तोफगोळ्याच्या टप्प्यात सापडलेल्या सैनिकाला ती होते, तशी स्वतः जड शस्त्रे डागणाऱ्यालाही होऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्यात फौजेची नोकरी अनेक घरांत पिढीजात आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी. अशा घरांतून या दुखण्याला वेगळे नाव नसते. ‘कानानं जरा कमी ऐकू येतंय आणि डोस्कं लवकर तापतंय’ एवढ्यावर विषय मिटतो.

टी.एन.टी.सारख्या स्फोटकात स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने धावते. क्षणात तयार झालेला तप्त वायू भोवतालची हवा इतक्या जोराने रेटतो की तिची जणू भिंतच बनते. ही भिंत अंगावर आली की दाब एकदम शिखराला जातो, काही मिलिसेकंदांत उतरतो आणि मग नेहमीच्या हवेच्या दाबाच्याही खाली घसरतो. आधी धक्का, मागोमाग ओढ. कानाचा पडदा फाटायला साधारण ३५ किलोपास्कल एवढा वाढीव दाब पुरतो, म्हणजे रोजच्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश. उघड्या माळावर हा दाब अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. खोलीत, बंकरमध्ये किंवा गाडीत तसे होत नाही. लहर भिंतींवर आपटून परत फिरते, आणि समोरासमोर आपटलेल्या जागी दाब निदान दुप्पट होतो. म्हणून एकाच स्फोटात बाहेर उभा असलेला जवान शाबूत आणि आत बसलेला आजारी, असे घडते.

खवलाही न निघता मासा कसा मरतो, हे नदीकाठच्या माणसाला ठाऊक असते. नदीत किंवा धरणाच्या पाण्यात कोणी चोरून जिलेटिनची कांडी टाकली (हा प्रकार बेकायदा आहे, तरी होतो) की थोड्या वेळात मासे पोट वर करून तरंगू लागतात. वरून अंग धड, चिरून पाहावे तर आतला हवेचा फुगा फुटलेला. लहर एकजिनसी पदार्थातून सहज पार होते. जिथे घनता बदलते तिथे ती आपला जोर टाकते. माणसाच्या शरीरात कान, फुप्फुसे आणि आतडी प्रथम जातात ती यामुळेच. मेंदूत हवा नाही, पण सीमारेषा पुष्कळ आहेत. मेंदू आणि त्याभोवतीचा मस्तिष्क-मेरुद्रव, रक्तवाहिनी आणि तिच्या लगतची ऊती, करडा भाग आणि पांढरा भाग अशा जागोजागी दोन निराळे पदार्थ एकमेकांना चिकटलेले असतात.

लहर तिथवर पोचते कशी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती कवटीतून थेट आत शिरते, असा एक विचार. कवटी किंचित लवते आणि आतला मेंदू दाबला जातो, हा दुसरा. तिसरा अधिक विलक्षण: छाती-पोटावर आदळलेल्या दाबाने रक्ताची लाट मोठ्या वाहिन्यांतून डोक्याकडे उसळते. शिवाय मान हिसकते, ती वेगळीच. साधारण १.४ किलो वजनाचा हा अवयव घट्ट लागलेल्या खरवसाइतका मऊ; भांडे हिसडले की आतली वडी कडेला भेगाळते, त्याच चालीने मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात. प्रत्यक्ष रणांगणावर हे सारे मार्ग एकाच वेळी उघडे असतात आणि त्यांपैकी एकच खरा मानण्याचे कारण दिसत नाही. वैद्यकात दाबलहरीच्या इजेला प्राथमिक, उडालेल्या तुकड्यांच्या इजेला दुय्यम, माणूस फेकला गेल्याने होणाऱ्या इजेला तृतीयक आणि भाजणे, धूर वगैरेंना चतुर्थक म्हणतात. हेल्मेट दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात जीव वाचवते. पहिल्यात त्याचा भरवसा कमी, कारण लहर डोके आणि हेल्मेट यांच्यामधल्या फटीतूनही आत जाते.

२०१६ साली मेंदूविकृतितज्ज्ञ डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी स्फोटांना सामोऱ्या गेलेल्या मृत अमेरिकी सैनिकांचे मेंदू तपासून ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त निष्कर्ष मांडले. तारकापेशींचे (मज्जापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींचे) व्रण नेमके याच सीमारेषांवर सापडले: मेंदूच्या पृष्ठभागाखाली, रक्तवाहिन्यांभोवती, करड्या-पांढऱ्या भागांच्या सांध्यावर आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने. रुग्णालयातल्या नेहमीच्या स्कॅनमध्ये हे व्रण दिसत नाहीत.

प्रश्न मात्र शंभर वर्षांचा जुना आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश लष्करातले डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांची हकिकत ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याचा धक्का) या शब्दाखाली छापली. तोफगोळा जवळ फुटला, जखम नाही, पण दृष्टी, चव, स्मृती बिघडलेली. मेंदूविकृतितज्ज्ञ फ्रेडरिक मॉट यांचा कल शारीरिक इजेकडे होता. मायर्स पुढे मानसिक कारणांकडे वळले. ब्रिटिश लष्कराला तर वेगळीच चिंता होती. शत्रूच्या गोळ्यामुळे झालेला शेल शॉक ‘जखमी’ या सदरात, बाकीचा ‘आजारी’ या सदरात. मान आणि पेन्शन पहिल्याला. १९१७ मध्ये तर आघाडीवर हा शब्द वापरण्यावर बंदी आली आणि कागदावर ‘अद्याप निदान नाही (मज्जाविकार)’ असा शेरा पडू लागला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी तोफांच्या माऱ्याखाली होत्या. त्यांच्यातले जे परतले ते गावी ‘गप्प झालेले’ म्हणून ओळखले गेले असतील, तर त्या गप्प राहण्यात मेंदूचा वाटा किती आणि मनाचा किती, हे आता कोण सांगणार?

इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांनी विषय पुन्हा वर आणला. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधल्या ऐन अल-असद तळावर क्षेपणास्त्रे डागली तेव्हा अमेरिकेने सुरुवातीला कोणी जखमी नाही असे जाहीर केले; पुढच्या काही आठवड्यांत शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूइजेचे निदान झाले. ही इजा किती उशिरा कळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

अलीकडे लक्ष आपल्याच शस्त्रांकडे वळले आहे. पायदळात ‘आर.एल.’ (रॉकेट लाँचर) म्हणून ओळखले जाणारे ८४ मिलिमीटरचे खांद्यावरचे लाँचर डागताना मागच्या तोंडातून वायू सुटतो आणि दाबाचा तडाखा डागणाऱ्याच्या व शेजारच्या जोडीदाराच्या डोक्याला बसतो. एका फैरीने काही होत नाही. नेमबाजीच्या मैदानावर वर्षानुवर्षे शिकवणारा उस्ताद मात्र लढाईत न जाताही हजारो तडाखे खातो. तोफखान्याचेही तेच, १९९९ च्या कारगिल युद्धात भारतीय बाजूने अडीच लाखांच्या घरात गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले गेले, आणि प्रत्येक गोळ्यामागे तोफेजवळ माणसे उभी होती. अमेरिकी संरक्षण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे २८ किलोपास्कल ही मर्यादा धरून सरावाचे नियम घातले.

शुद्ध अर्ध्या तासाहून कमी वेळ हरपली, स्मृतिभ्रंश एका दिवसाच्या आत ओसरला आणि शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात १५ पैकी गुण १३ ते १५ आले, तर इजा सौम्य धरतात. रक्तातली काही प्रथिने, उदाहरणार्थ तारकापेशींतले जी.एफ.ए.पी., पहिल्या तासांत वाढलेली आढळतात. खास औषध नाही. विश्रांती, झोप, डोकेदुखीवर उपचार, कामावर टप्प्याटप्प्याने परतणे, आणि बरे होण्याआधी दुसरा धक्का टाळणे. हे शेवटचे पथ्य तालमीतल्या पोरालाही तितकेच लागू आहे.

निदानातली खरी अडचण आघातोत्तर मनोविकाराशी (पी.टी.एस.डी.) होणाऱ्या सरमिसळीची. निवृत्त हवालदार कुकरच्या शिट्टीला दचकतो, दूध संस्थेतला हिशेब तीनदा करतो, दिवे डोळ्यांवर येतात म्हणून लग्नाच्या मांडवातून उठून जातो. यातले दचकणे बहुधा मनाचे, उजेड न सोसणे बहुधा मेंदूचे, हिशेब चुकणे दोन्हींचे. आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

मन आणि शरीराच्या पाच बाबींना एकेक इंग्रजी अक्षर देणाऱ्या भारतीय लष्कराच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीत कानाला ‘एच’ हे स्वतःचे अक्षर आहे. मेंदूच्या तक्रारी मनाच्या ‘एस’ आणि शरीराच्या ‘पी’ यांत विभागल्या जातात. म्हणून फाटलेला पडदा कागदावर लगेच येतो आणि त्याच लहरीने हादरलेला मेंदू मागे राहतो. पुढे अपंगत्व पेन्शनसाठी इजा सेवेमुळे झाली हे ठरवताना घटनेच्या वेळचा इजा-अहवाल पाहतात. त्यात कानाव्यतिरिक्त चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: स्फोट किती पावलांवर झाला, जागा बंद होती की उघडी, सोबत कोण होते, आणि स्फोटानंतरची पहिली आठवण कोणती.