पोटखराब, पडीक, पाणथळ: सौर प्रकल्पाआधीच्या पाहणीची पार्श्वभूमी

सौर प्रकल्पासाठी जागा बघायची तर उन्हाळा सोयीचा. वाटा कोरड्या असतात, गाडी बांधापर्यंत जाते, ड्रोन उडवायला आभाळ मोकळं असतं. मे महिन्यात सपाट, भेगाळलेला, बिनझाडाचा तुकडा दिसला की कोणत्याही इंजिनिअरला तो आवडणारच. तोच तुकडा ऑगस्टमध्ये गुडघाभर पाण्यात असतो. त्यात लव्हाळा माजतो, कडेला पानकणीस उभं राहतं, बगळे उतरतात आणि दिवाळीनंतर पाणी आटून जातं. गावातल्या माणसाला ही जागा ठाऊक असते. सातबाऱ्यावर मात्र तिच्या पाण्याचा पत्ता नसतो. हे असं का झालं, त्याचं मूळ सौरऊर्जेच्या कितीतरी आधीचं आहे.

मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जमिनीची जी मोजणी आणि प्रतवारी केली, तिचा पाया 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घातला गेला. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे बसवलेली पद्धत पुढे 1847 च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहायची. खोली मोजायची हातांनी, पावणेदोन हातांपर्यंत. आणि त्यावरून जमिनीला नऊपैकी एक प्रत द्यायची. पहिली प्रत सोळा आणे, नववी दोन आणे. त्यावर पुन्हा दोष मोजायचे. दोष सात होते: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, कण एकमेकांना धरून न राहणं, पाणी न मुरणं, वाहत्या पाण्याखाली येणं, आणि झऱ्यांमुळे राहणारी अति ओल. दोष सापडला की प्रत खाली उतरायची.

मला यातली गंमत अशी वाटते, की ओल टिपण्याची शिस्त आपल्याकडे तेव्हाच होती. वर्गकाराने, म्हणजे प्रत ठरवणाऱ्या माणसाने, शेतात उभं राहून, माती हातात घेऊन ही नोंद करायची होती. पण कशासाठी? सारा किती बसवायचा ते ठरवण्यासाठी. ओल म्हणजे उत्पन्नातली खोट, एवढाच तिचा अर्थ. (भाताच्या मुलखात हिशेब उलटा, तिथे पाणी असणं हाच गुण.) एकदा प्रत ठरून आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, बसला की ओलीची नोंद आत दडली आणि बाहेर उरला तो आकाराचा आकडा.

जिथे पीकच येत नव्हतं तो भाग ‘पोटखराब’ झाला. नियमांनी त्याचे दोन वर्ग केले. ‘अ’ वर्गात मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य असलेली जमीन, म्हणजे खडक, खाचखळगे, शिवाय शेतकऱ्याची इमारत किंवा खळं. ‘ब’ वर्गात सार्वजनिक कामाची जागा: रस्ता, पायवाट, स्मशान, आणि इतरांच्या वापराचा ओढा किंवा तळं. म्हणजे पाणी लोकांच्या उपयोगाचं असेल तर ‘ब’ मध्ये त्याला थोडं तरी संरक्षण. नुसतंच चार महिने साचणारं, कोणी न उपसणारं पाणी असेल तर ते खडकाच्या रांगेत. पुढे 2018 मध्ये राज्याने ‘अ’ वर्गातली जमीन लागवडीखाली आणली असेल तर तिच्यावर आकारणी करून ती लागवडीयोग्य क्षेत्रात घ्यायची वाट मोकळी केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते रास्तच होतं, कारण पोटखराबावर ना कर्ज मिळत होतं ना पुरेसा मोबदला. पण जिथे पूर्वी पाणी थांबायचं त्याची उरलीसुरली खूणही त्यात पुसली जाऊ शकते.

दुसरा शब्द ‘पडीक’. स्वातंत्र्यानंतर पडीक जमीन उपयोगात आणणं हे धोरणच झालं. हैदराबादच्या दूरसंवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून केलेला पडीक जमिनींचा देशव्यापी नकाशासंग्रह 2000 साली निघाला. त्यातल्या वर्गांमध्ये क्षारपड होती, उघडा खडक होता, वाळू होती, आणि दलदलीची व पाणथळ जमीनही होती. सरकारच्याच पुस्तकात पाणथळ ही पडीकाची एक जात ठरली. उघड्या खडकाचंही तेच. कोकणातले आणि सह्याद्रीतले जांभ्याचे सडे दूरून ओसाड दिसतात. पावसाळ्यात त्यांच्यावर उथळ डबकी तयार होतात आणि गेंद, सीतेची आसवं अशी पाण्याशी बांधलेली फुलं फुलतात. सीतेची आसवं तर कीटकभक्षी वनस्पती. मातीत पोषण नाही म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडते. एप्रिलमध्ये त्याच सड्यावर पाय भाजतात.

पाणथळ जागा ओळखायची शास्त्रीय पद्धत घडली ती अमेरिकेत, आणि तीही पश्चात्तापातून. तिथे 1849 ते 1860 या काळात कायदे करून दलदली राज्यांना देऊन टाकल्या. त्या उपसून शेती करायची हाच हेतू. 1780 च्या दशकात सलग अमेरिकी भूमीवर जेवढ्या पाणथळ जागा होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त दोनशे वर्षांत संपल्या. 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम 404 ने पाण्यात भराव घालायला परवाना सक्तीचा केला, आणि लगेच भांडण सुरू झालं: पाणथळ नेमकी कुठे संपते? त्याचं उत्तर म्हणून लष्कराच्या अभियंता दलाने 1987 मध्ये पुस्तिका काढली. तिच्यात तीन खुणा एकत्र बघायच्या असतात: ओलीत वाढणाऱ्या वनस्पती, पाण्याचा मुक्काम, आणि माती.

यातली माती सगळ्यात कामाची. पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलतं, माती राखाडी पडते आणि मुळांच्या कडेने तांबूस शिरा उमटतात. कुदळीने खड्डा खणायचा, ढेकूळ रंगांच्या छापील पट्टीशी ताडून बघायचं. पाणी आटून महिने झाले तरी ही खूण राहते, म्हणून कोरड्या दिवसांतही पाहणी जमते. दख्खनच्या काळ्या मातीत मात्र हे सरळ चालत नाही. ती मुळातच इतकी गडद, की राखाडी छटा झाकली जाते. अमेरिकेतही अशा मातींना अडचणीच्या माती म्हणून वेगळे निकष लावावे लागतात. तेव्हा ही पुस्तिका जशीच्या तशी इकडे आणून भागणार नाही.

अमेरिकेत पाणथळीची सौर प्रकल्पांशी गाठ पडली ती बरीच उशिरा. जमिनीवरच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पांसाठी 2012 मध्ये अभियंता दलाने वेगळा सर्वसाधारण परवाना आणला. अर्ध्या एकरापर्यंतची पाणथळ बाधित होणार असेल तरच तो चालतो. पॅनेलसाठी ठोकलेले खांब सहसा भराव धरले जात नाहीत, पण आतले रस्ते आणि सपाटीकरण धरलं जातं. त्यामुळे आराखडा काढायच्या आधीच पाणथळीच्या कडेने झेंड्या रोवायच्या आणि रस्ता वळवायचा, ही तिथली रीत. मे 2023 मध्ये सॅकेट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा अधिकार आखडता केला. मोठ्या जलस्रोताशी पृष्ठभागावरून सलग न जोडलेल्या पाणथळी त्या कायद्याबाहेर गेल्या. ज्या राज्यांचा स्वतःचा कायदा आहे, तिथे त्यांना अजून आसरा आहे.

पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारात भारत आला 1982 मध्ये. त्या कराराची व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायम असो वा तात्पुरती. आपले स्वतःचे नियम यायला 2010 उजाडलं, आणि 2017 च्या नव्या नियमांनी व्याख्येतून नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे, सिंचन, मिठागर आणि मत्स्यशेतीसाठी केलेली बांधकामं वगळली. महाराष्ट्रात या वगळण्याचा अर्थ फार मोठा होतो, कारण आपल्याकडचे बहुतेक मोठे पाणपक्षी धरणांच्या फुगवट्यावरच उतरतात. ज्या इंदापुरात कोरडवाहू जमिनीची प्रतवारी सुरू झाली, त्याच तालुक्यात आज भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गर्दी होते. राज्याचं पहिलं रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर (2020) हेही गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्याने घडवलेलं आहे.

नकाशा झाला तो इस्रोच्या अहमदाबाद केंद्राकडून. 2006-07 च्या चित्रांवरून सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या 2,01,503 पाणथळ जागा मोजल्या गेल्या. त्याहून लहान साडेपाच लाखांहून अधिक जागा नकाशावर केवळ ठिपके म्हणून राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्या दोन लाखांना नियमांचं संरक्षण लागू केलं. डिसेंबर 2024 मध्ये, नव्या मोजणीत हा आकडा 2,31,195 झालेला असताना, राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा आणि सीमांकन तीन महिन्यांत उरकायला सांगितलं.

सौर प्रकल्प या सगळ्याच्या बाजूने निघून गेला. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत फोटोव्होल्टाइक, म्हणजे पॅनेलवर उन्हापासून थेट वीज करणाऱ्या, प्रकल्पांचं नाव नाही, आणि केंद्राने पुढे ही सूट स्पष्टही केली. 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना ‘पांढऱ्या’, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या, गटात टाकलं. धूर नाही, सांडपाणी नाही, तर परवानगी कशाला, हा विचार कोळशाच्या तुलनेत बरोबरच होता. फक्त त्यात जमिनीचा प्रश्नच कोणी विचारला नाही, आणि एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. त्यामुळे आज पाणथळीची पाहणी होते ती बहुधा परदेशी वित्तसंस्थेने कर्जासाठी जैवविविधतेची अट घातली तर. कर्ज देशी असेल तर पुराचा अभ्यास होतो, खांब उपटून बघायची चाचणी होते, मातीचा विद्युतरोध मोजला जातो. हे सगळं पॅनेलच्या काळजीपोटी.

महाराष्ट्रात 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने, आणि 2023 पासूनच्या तिच्या दुसऱ्या टप्प्याने, हा प्रश्न गावाच्या शिवारात आणला. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राच्या जवळची सरकारी आणि खासगी जमीन हवी, आणि सरकारी म्हटलं की पहिलं नाव गायरानाचं. शिवारातलं पावसाळी पाणी ज्या खोलगट तुकड्यात थांबतं, तो कित्येक गावांत गायरानातच असतो, कारण नांगर तिथे चालत नाही. प्रकल्प लहान, दहा-वीस एकरांचे. पाणथळीही लहान, इस्रोच्या नकाशावर ठिपक्याएवढ्या.

भूमी अभिलेख कार्यालयांत जुनी क्लासर रजिस्टरं अजून आहेत. पाणी कुठे मुरत नाही, ओल कुठे राहते, हे वर्गकारांनी त्यांच्यात गटागटाने लिहून ठेवलेलं आहे. जागेचा करार करताना सातबारा काढतात, फेरफार बघतात, गटनकाशा घेतात. ही रजिस्टरं मात्र निघतात ती हद्दीचा किंवा आकाराचा वाद लागला तरच.