एम्बॉस परिणाम (नोड-पद्धती)

एम्बॉस परिणाम : सपाट प्रतिमेतील आकृती पृष्ठभागातून वर उठलेली किंवा आत दबलेली भासावी, म्हणून तिच्या कडांच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली चढवण्याची अंकीय प्रतिमासंस्करणातील क्रिया. मराठीत तिला ‘उठाव’ म्हणता येते. मात्र सांगली-सातारा पट्ट्यात पत्रिका छापणाऱ्यांच्या तोंडी ‘एम्बॉस’ हाच शब्द असतो. पत्रिकेवरचा एम्बॉस करताना दोन डायांमध्ये कागद दाबला जातो, त्यामुळे गणपतीची सोंड खरोखर वर येते आणि बोटाला लागते. पडद्यावर उंची अशी काही नसते. शेजारच्या पिक्सेलांच्या तेजाची वजाबाकी तेवढी असते, आणि तिला उंची समजण्याचे काम डोळा करतो.

नोड-आधारित सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्रियेची एक स्वतंत्र चौकट म्हणजे नोड असतो. त्याच्या इनपुटला प्रतिमा जोडायची, आउटपुटमधून निघालेली पुढच्या नोडला द्यायची, आणि अशा जोडण्यांचा जो आराखडा तयार होतो तोच फिल्टर. फिल्टर फोर्ज, सबस्टन्स डिझायनर आणि ब्लेंडरचा कंपोझिटर (चित्रांवर संस्कार करून ती एकत्र मिसळण्याचा विभाग) ही या पद्धतीची परिचित उदाहरणे होत. २०१८ साली आलेल्या गिम्प २.१० या चित्रसंपादकाचे फिल्टरही गेगल या आलेखाधारित, म्हणजे नोडांच्या जोडण्यांवर उभ्या असलेल्या यंत्रणेवर चालतात. तयार सोय बहुतेक ठिकाणी असते. सबस्टन्स डिझायनरमध्ये एम्बॉस नावाचाच नोड आहे, तर ब्लेंडरच्या फिल्टर नोडमध्ये जवळपास तेच काम ‘शॅडो’ या पर्यायाने होते, त्यामुळे एम्बॉस शोधत बसलेल्या नवशिक्याला तो सापडत नाही. तरीही हा परिणाम एकदा सुट्या नोडांनी बांधून पाहावा, कारण तयार नोडमध्ये झाकलेली गृहीतके त्या वेळी एकेक करून समोर येतात.

सर्वांत साध्या बांधणीला चार नोड पुरतात. मूळ प्रतिमा आधी करडी करायची, मग तिच्या दोन शाखा काढायच्या. एक शाखा तशीच ठेवायची. दुसरी एक-दोन पिक्सेल सरकवायची आणि इन्व्हर्ट नोडने उलटी करायची. शेवटी दोन्ही शाखा ब्लेंड नोडमध्ये निम्म्या-निम्म्या मिसळायच्या. समजा, प्रतिमेच्या एका ओळीत ६०, ६०, ६०, २००, २००, २००, ६०, ६० अशी तेजमूल्ये (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) आहेत, म्हणजे गडद जमिनीवर एक उजळ पट्टा आहे. ती ओळ एक पिक्सेल उजवीकडे सरकवून मिसळली, की पट्ट्याची डावी कड सुमारे १९८ वर जाते, त्याच्या उजव्या कडेला लागून सुमारे ५८ ची गडद रेघ उमटते, आणि उरलेले सगळे १२८ च्या आसपास मधल्या करड्या रंगावर येते. उजळ पट्टा वर उठला असून त्याच्यावर डावीकडून ऊन पडले आहे, असे वाटू लागते.

इन्व्हर्टऐवजी सरळ वजाबाकीचा नोड वापरला, तर एक फसगत हमखास होते. दोन तेजांतील फरक ऋणही असतो, पण फक्त ० ते २५५ हेच पूर्णांक जाणणारा आणि शून्याखालचे कापून टाकणारा आठ-बिटी नोड ती अर्धी बाजू गिळतो. सावलीच्या कडा पूर्ण नाहीशा होतात आणि उठावाऐवजी काळ्या जमिनीवर नुसत्या पांढऱ्या रेघा राहतात. यावर उपाय दोन : वजाबाकी दशांश मूल्ये सांभाळणाऱ्या नोडमध्ये करून नंतर मधला करडा मिळवणे, किंवा वरची निम्म्या मिश्रणाची युक्ती वापरणे.

हीच क्रिया एका नोडमध्ये कर्नलने, म्हणजे तीन बाय तीनच्या गुणकांच्या जाळीने होते. वरच्या ओळीत -२, -१, ०, मधल्या ओळीत -१, १, १ आणि खालच्या ओळीत ०, १, २ ही त्यासाठीची प्रचलित मांडणी आहे. या नऊ अंकांची बेरीज १ येत असल्यामुळे मूळ चित्राचे रंग टिकून त्यावर उठाव येतो. मधला १ काढून तिथे ० घातला, तर बेरीज शून्य होते आणि करड्या पत्र्यासारखा शुद्ध एम्बॉस मिळतो. अर्थात त्यात १२८ मिळवावे लागतात.

या सगळ्यात निर्णायक नोड पहिलाच, म्हणजे करडे करण्याचा असतो, कारण उंची कशाला समजायचे हे तिथे ठरते. हळदीच्या पेठेच्या सांगलीला साजेलशा हळदी रंगाच्या पत्रिकेवर कुंकवाच्या लाल रंगात काढलेला गणपती उदाहरणादाखल घेता येईल. नेहमीच्या सूत्राने करडा केल्यास शुद्ध लाल रंगाचे तेज २५५ पैकी जेमतेम ७६ भरते आणि पिवळा त्याहून कितीतरी उजळ राहतो, त्यामुळे गणपती वर येण्याऐवजी कागदात खड्डा पडल्यासारखा आत जातो. तो वर आणायचा, तर करडी प्रतिमा दोन शाखा फुटण्याआधीच उलटी करावी लागते. लाल चॅनेल, म्हणजे प्रतिमेतील फक्त लाल रंगाच्या मात्रेचा थर, वेगळा काढून वापरला, तर लाल आणि पिवळा दोन्ही तिथे जवळजवळ सारखेच उजळ असल्याने गणपती दिसतच नाही. हिरव्या चॅनेलमध्ये मात्र तो ठसठशीत उमटतो. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. रंगाला उंची नसते, एवढेच त्यातून उघड होते.

करडे झाल्यावर थोडा ब्लर देणे आवश्यक असते, अन्यथा छायाचित्रातले दाणे आणि जेपेगचे चौकोनही उठतात आणि चित्रावर वाळू सांडल्यासारखे दिसते. सरकवण्याचे अंतर पिक्सेलमध्ये मोजले, तर पडद्यावर शोभणारा दोन पिक्सेलांचा उठाव छपाईच्या चौपट मोठ्या प्रतीत केसाएवढा होतो. म्हणून ते अंतर चित्राच्या आकाराच्या प्रमाणात देणे श्रेयस्कर.

याच कल्पनेची पुढची पायरी म्हणजे करड्या प्रतिमेला उंचीचा नकाशा मानून प्रत्येक बिंदूचा उतार काढणे आणि प्रकाशकिरणाशी होणाऱ्या कोनावरून त्याचे तेज ठरवणे. संगणकीय चित्रणाचे संशोधक जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये मांडलेले बम्प मॅपिंग, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास निर्माण करण्याचे तंत्र, याच जातीचे. फिल्टर फोर्जमधील सरफेस प्रकारच्या फिल्टरांना उंचीचे वेगळे इनपुट असते ते यासाठीच. अशा नोडांत प्रकाशाची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अशी दोन मूल्ये द्यावी लागतात. दिशा मोजण्याची सुरुवात आणि फिरकी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखी नसल्यामुळे अंक उतरवून घेण्यापेक्षा डोळ्याने जुळवलेले बरे.

प्रकाश वरून येतो असे माणसाची नजर धरून चालते, त्यामुळे तो डावीकडून वरून ठेवण्याचा प्रघात पडला. नकाशांच्या छायांकनातही वायव्येचा, म्हणजे ३१५ अंशांचा आणि ४५ अंश उंचीचा प्रकाश रूढ आहे. भूउंचीच्या विदेवरून सातारा जिल्ह्याचे असे छायांकन केले, तर अजिंक्यताऱ्याचा सपाट माथा आणि कोयनेचे खोरे जागच्या जागी उठून दिसतात, कारण इथे करड्या छटेत खरोखरची उंची भरलेली असते. त्याच खोऱ्याचे सकाळी साडेदहाच्या सुमारास टिपलेले उपग्रहचित्र उत्तर वर ठेवून पाहिले, की ऊन आग्नेयेकडून असल्याने खोरे कित्येकांना डोंगराची सोंड वाटते. चित्र उलटे फिरवले, की ते पुन्हा खोरे होते.