वॉर्सा घेट्टोतील अनाथाश्रम (डोम सिएरोत)

पोलंडच्या राजधानीतील ज्यू अनाथ मुलांसाठी वैद्य व शिक्षणविचारक यानुश कोर्चाक (मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट) आणि स्तेफानिया विल्चिन्स्का (१८८६–१९४२) यांनी चालविलेली संस्था. कोर्चाक यांचे जन्मवर्ष १८७८ की १८७९ हे निश्चित नाही. वडिलांनी जन्मनोंद वेळेवर न केल्यामुळे उद्या आपण ६३ वर्षांचे होऊ की ६४, हे सांगता येत नाही, असे त्यांनीच २१ जुलै १९४२ रोजी दैनंदिनीत लिहिले आहे.

क्रोखमाल्ना रस्त्यावर १९१२ मध्ये सुरू झालेल्या या आश्रमात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते व त्यापुढे शिक्षकांवरही तक्रार करता येई. नोव्हेंबर १९४० मध्ये घेट्टो (जर्मन ताब्यातील शहरात ज्यूंना सक्तीने ठेवलेली वस्ती) बंदिस्त करण्यात आला, त्या सुमारास आश्रमाला ख्वोद्ना रस्त्यावर हलावे लागले. स्थलांतरात मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी जप्त झाली. त्याचा जाब विचारायला कोर्चाक ज्यूंना सक्तीची असलेली दंडपट्टी न लावता जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले आणि त्यांना पाव्हियाक तुरुंगात डांबण्यात आले. सुमारे महिन्याभराने त्यांची सुटका झाली. ऑक्टोबर १९४१ मध्ये घेट्टोची हद्द आणखी आवळली गेल्यावर आश्रम शेन्ना व श्लिस्का या रस्त्यांमधील इमारतीत आला.

येथे सुमारे २०० मुले होती. कोर्चाक दारोदार फिरून धान्य व पैसे मागत, तर घराचा दैनंदिन कारभार विल्चिन्स्का सांभाळत. विल्चिन्स्का यांच्या कार्याला अभ्यासकांनी दीर्घकाळ पुरेसा न्याय दिला नाही, असे म्हणावे लागते. दर शनिवारी मुलांचे वजन घेतले जाई. न्यायालय, धडे व दैनंदिनी लिहिण्याचा परिपाठ उपासमारीतही चालू राहिला. अनाथ मुलांसाठी काम करणारी सेंतोस ही संघटना घेट्टोत स्वयंपाकगृहे व अन्य आश्रयगृहेही चालवीत होती. १९४२ च्या आरंभी कोर्चाक यांनी जेल्ना रस्त्यावरील सुमारे एक हजार मुलांच्या आश्रयगृहाचेही काम अंगावर घेतले; तेथील मृत्यूंचे प्रमाण भयावह होते.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक पोलिश भाषेत सादर केले. खोलीत कोंडला गेलेला आजारी अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो, ही त्याची कथा. मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याची मुलांची तयारी व्हावी म्हणून हे नाटक निवडले, असे कोर्चाक यांच्या नावे सांगितले जाते. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून सामूहिक हद्दपारी सुरू झाली.

आश्रमाच्या हद्दपारीच्या तारखेविषयी मतभेद आहेत. बहुतेक चरित्रकार ५ ऑगस्ट १९४२ मानतात, तर काही अभ्यासक ६ ऑगस्टकडे झुकतात. दैनंदिनीतील शेवटची नोंद ४ ऑगस्टची असून तीत कोर्चाक आश्रमातील झाडांना पाणी घालताना दिसतात. तिच्याशी दोन्ही तारखा जुळत असल्या, तरी ५ ऑगस्ट ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. मुलांची संख्या १९२ किंवा १९६ अशी दिली जाते. मिरवणुकीत हिरवा झेंडा होता, मुले गात होती, हे तपशील काही आठवणींत आढळतात, पण सर्व प्रत्यक्षदर्शी त्यांना दुजोरा देत नाहीत. त्यांवर फार विसंबू नये. मुले रांगेने उमश्लागप्लाट्स या रेल्वेतळाकडे गेली आणि बाहेर पडण्याची संधी पूर्वी अनेकदा देऊ केली जाऊनही कोर्चाक व विल्चिन्स्का त्यांच्याबरोबरच राहिले, याबद्दल मात्र दुमत नाही. सर्वांना ट्रेब्लिंका येथील संहार छावणीत ठार करण्यात आले. युद्धोत्तर कायदेशीर नोंदीत कोर्चाक यांची मृत्युतारीख ९ मे १९४६ अशी औपचारिकपणे धरली होती. २०१५ मध्ये लुब्लिन येथील न्यायालयाने ती बदलून ७ ऑगस्ट १९४२ ठरविली.

कोर्चाक यांची दैनंदिनी घेट्टोबाहेर पोचवून भिंतीत दडवण्यात आली व १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रोखमाल्ना रस्त्यावरील मूळ इमारत युद्धातून बचावली असून तेथे कोर्चाकविषयक संशोधन केंद्र आहे.