जांघेतील वाट: मुलग्यांचा हर्निया, न उतरलेले वृषण आणि आनुवंशिकतेचा शोध

बाळ रडताना जांघेत फुगवटा दिसू लागला, किंवा आंघोळ घालताना वृषणकोशात एकच गोटी हाताला लागली, की गोव्यातील आईबाप गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जातात. तेथे तपासणीच्या वेळी विचारला जाणारा एक प्रश्न असा असतो: वडिलांना, काकांना किंवा थोरल्या भावाला लहानपणी असे काही होते का? घरात मात्र तोवर वेगळीच कारणमीमांसा झालेली असते. बाळ फार रडले, गरोदरपणात आईने ओझे उचलले, अमुक खाल्ले. रडण्याने हर्निया दिसतो, होत नाही. त्याची जागा जन्माआधीच ठरलेली असते. हे कळायला वैद्यकाला किती काळ लागला, याची ही पार्श्वभूमी आहे.

आतडे खाली उतरण्याचा हा विकार, म्हणजे हर्निया, प्राचीनांना ठाऊक होता. सुश्रुतसंहितेतील वृद्धीच्या सात प्रकारांत आंत्रवृद्धी स्वतंत्रपणे सांगितली आहे, आणि आपल्याकडचा ‘अंतर्गळ’ हा शब्दही तीच गोष्ट सांगतो. परंतु लहान मुलात ही वाट मुळात का असते, याचे उत्तर अठराव्या शतकातील शवविच्छेदनातून मिळाले. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७६२ साली दाखवले की गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि तेथून एका दोरीसारख्या पेशीबंधाच्या मागोमाग खाली येते. या बंधाला त्यांनी सुकाणू या अर्थाचे लॅटिन नाव दिले. वृषणाबरोबर पोटाच्या आतील आवरणाची एक पिशवीही जांघेतून खाली ओढली जाते आणि साधारणपणे जन्माच्या सुमारास मिटते. ती उघडी राहिली तर हर्निया होतो, आणि वृषण वाटेतच थांबले तर बहुधा पिशवीही उघडीच राहते. म्हणूनच हे दोन विकार एकाच मुलात वारंवार सोबत आढळतात. हंटर यांनी आणखी एक शंका नोंदवली होती: दोष वाटेत नसून बहुधा वृषणातच असावा. जनुक हा शब्दही नसलेल्या काळातील ही शंका मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरदर्शी वाक्य वाटते.

पुढचे शतक शस्त्रक्रियेचे होते. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तेव्हा भूल आणि जंतुनाशक पद्धत या दोन्ही गोष्टी जगात कोठेच रुळलेल्या नव्हत्या. त्यानंतर टॉमस अॅनंडेल यांनी १८७७ साली एडिंबरोत न उतरलेले वृषण खाली आणून यशस्वीपणे बसवले, आणि १८८०च्या दशकात एदोआर्दो बासिनी यांनी इटलीत हर्नियाची आधुनिक दुरुस्ती रूढ केली. कारणाचा शोध यामुळे पुढे सरकला नाही.

तो सरकला १९४०च्या दशकात, आल्फ्रेद जॉस्त या फ्रेंच संशोधकाच्या हातून. त्यांनी सशाच्या गर्भातील वृषणे गर्भाशयातच काढून टाकली आणि नरगर्भाची घडण मादीप्रमाणे झाली. गर्भाचे वृषण संप्रेरके सोडते व तीच नराचे शरीर घडवतात, हे यातून सिद्ध झाले. पुढे मेलबर्नचे बालशल्यचिकित्सक जॉन हटसन यांनी १९८५ साली मांडले की वृषणाचा प्रवास दोन टप्प्यांचा असून दोन्ही टप्प्यांची सूत्रे निरनिराळी आहेत. पोटातून जांघेपर्यंतचा पहिला टप्पा गर्भाच्या पंधराव्या आठवड्याच्या सुमारास संपतो. जांघेतून वृषणकोशापर्यंतचा दुसरा साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यांत, टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली होतो. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत हे दोन्ही विकार इतके जास्त का दिसतात, याचे उत्तर या वेळापत्रकातच आहे: प्रवास संपण्याआधीच बाळ बाहेर आलेले असते.

पहिल्या टप्प्याचे सूत्र १९९९ साली सापडले. अमेरिका आणि जर्मनीतील दोन गटांनी स्वतंत्रपणे आयएनएसएल-३ हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले, आणि त्या नरांची दोन्ही वृषणे पोटातच राहिली. या जनुकावरून बनणारे संप्रेरक वृषणच तयार करते. हंटर यांची शंका निदान इतक्यापुरती खरी ठरली. त्याचा संदेश स्वीकारणारे आरएक्सएफपी-२ हे दुसरे जनुकही लवकरच हाती आले. २०१८ साली असेही दिसले की हत्तीचा दूरचा नातलग असलेला, पाण्यात राहणारा मॅनाटी व त्याच कुळातील काही प्राणी, ज्यांची वृषणे आयुष्यभर पोटातच असतात, त्यांच्यात या दोन्ही जनुकांचे केवळ मोडके अवशेष उरले आहेत. आता मुलग्यांतील कारण सापडले असे वाटण्याजोगी ही स्थिती होती. प्रत्यक्षात या जनुकांतील दोष फार थोड्या मुलांत आढळले, आणि आरएक्सएफपी-२ मधील सुरुवातीला दोषी ठरवलेला एक बदल नंतर निरोगी पुरुषांतही मिळाला.

काही कुटुंबांत मात्र एकाच जनुकाचा दोष स्पष्ट असतो. मुलग्याच्या हर्नियाच्या पिशवीत गर्भाशय सापडल्याच्या नोंदी जुन्या आहेत. १९९०च्या दशकात कळले की असे बहुतेकदा नरगर्भात गर्भाशय घडू न देणारे एएमएच हे संप्रेरक किंवा त्याचा स्वीकारक यांच्या जनुकातील दोषामुळे होते. हा दोष आई व वडील या दोघांकडून यावा लागतो. म्हणून नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते, आणि मामे-आतेभावंडांत लग्नाची चाल असलेल्या समाजांनी हे जाणून असावे.

उरलेल्या बहुसंख्य मुलांबद्दल सर्वांत बोलका पुरावा डेन्मार्कच्या जन्मनोंदींतून आला. एका भावाचे वृषण न उतरलेले असेल तर सख्ख्या भावात तसे असण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के निघाले, दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत सुमारे २४ टक्के आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत सुमारे २७ टक्के. दोन प्रकारच्या जुळ्यांत एवढाच फरक असेल, तर केवळ जनुके जबाबदार नाहीत. एकाच वेळी वाट्याला आलेल्या गर्भाशयाचाही मोठा वाटा आहे. मात्र याचा अर्थ आईच्या वागण्यात खोट होती असा काढणे अन्यायाचे ठरेल. बाळाचे अपुरे वजन आणि मुदतपूर्व जन्म यांसारख्या गोष्टी त्यात येतात.

हर्नियाची आनुवंशिकता याहून थोड्या वेगळ्या दिशेने, शरीराच्या जोडऊतींच्या (अवयवांना आधार देऊन जोडून ठेवणाऱ्या ऊतींच्या) ताकदीकडे जाते. २०१५ साली हजारो प्रौढांच्या जनुकसंचाच्या तुलनेत जांघेच्या हर्नियाशी जोडलेल्या चार जागा सापडल्या. त्यांतील डब्ल्यूटी-१ हे जनुक मूत्रपिंड व जननांगांच्या घडणीतही लागते. चार्ल्स हंटर या दुसऱ्याच हंटर यांनी १९१७ साली दोन भावांत वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आनुवंशिक विकार (हंटर सिंड्रोम) तर अनेकदा हर्नियानेच प्रथम डोके वर काढतो. लहान वयात पुन्हापुन्हा हर्निया, सततचे कानाचे दुखणे आणि हळूहळू राकट होणारा चेहरा एकत्र दिसल्यास शस्त्रक्रियेवर न थांबता पुढे तपास करावा लागतो.

एकाच बाजूचा साधा दोष असलेल्या मुलाला जनुकीय चाचणीची सहसा गरज नसते. नवजाताची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, विशेषतः मूत्रमार्गाचे छिद्र जागेवर नसेल, तर गुणसूत्रांची व संप्रेरकांची तपासणी घरी पाठवण्यापूर्वीच व्हायला हवी, कारण ते बाळ मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथीचा जीवघेणा विकार असलेली, बाहेरून मुलग्यासारखी दिसणारी मुलगी असू शकते. इतरांच्या बाबतीत सहा महिन्यांपर्यंत वृषण आपोआप उतरण्याची वाट पाहता येते. त्यानंतर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. हर्नियाला एवढीही सवड नसते, आणि थोरल्या भावाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर धाकट्याच्या पहिल्याच तपासणीत ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.