बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया : पूर्वतयारी, रुग्णालयातील मुक्काम आणि नंतरचे पथ्य

जठराचा आकार कमी करून, किंवा त्याच्या जोडीला लहान आतड्याचा मार्ग बदलून, अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६० च्या दशकात गॅस्ट्रिक बायपासची पद्धत बसवली. १९९० च्या दशकापासून ती पोटाला छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीतून होऊ लागली आणि मुक्काम कमी झाला. भारतात प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कायमचा काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या भागात तयार होते. तोच भाग निघून गेल्यामुळे भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया काही तासांची आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो. तयारीला मात्र काही आठवडे लागतात आणि पथ्य जन्मभराचे असते. यश बरेचसे याच दोन टोकांवर ठरते, आणि ती दोन्ही टोके रुग्णाइतकीच त्याच्या स्वयंपाकघराच्या हाती असतात.

पात्रता आणि विमा. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून बीएमआय हा स्थूलतेचा आकडा काढतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा सोबत मधुमेह-रक्तदाबासारखे आजार असल्यास ३५, अशी मर्यादा घातली. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह जडतो, म्हणून येथे ३७.५ आणि ३२.५ हे आकडे वापरले जाऊ लागले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी शिथिल केल्या. विम्याचे नियम मात्र जुन्या आकड्यांवरच आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार वय किमान १८ आणि बीएमआय ४० हवा. बीएमआय ३५ असल्यास हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी असावे लागते, आणि इतर उपाय करून पाहिल्याची नोंदही लागते. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेल्या रुग्णाचा दावा नामंजूर होऊ शकतो. दाखल होण्याची तारीख ठरवण्याआधी कॅशलेसची लेखी मंजुरी हातात असावी. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी आणि झोपेच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवल्यास ती मिळणे सोपे जाते.

पूर्वतयारी. रक्तातील साखर, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या, टूडी इको, पोटाची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी सर्वसाधारणपणे होते. ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह यांची पातळी आधी पाहणे विशेष महत्त्वाचे असते. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ मुळातच कमी आढळते आणि शस्त्रक्रियेनंतर ते शरीरात शोषले जाणे आणखी घटते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट हा उपचार नव्हे, असे समजून ती टाळली जाते. पण दुःखात किंवा ताणात अनावर खाण्याची सवय असेल, तर ती चाकूने जात नाही. तिच्यावर आधीच काम करावे लागते.

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे ८०० ते १००० किलोकॅलरींचा, प्रथिने जास्त आणि पिष्टमय पदार्थ कमी असा आहार सांगतात. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. स्थूल व्यक्तींत तो चरबीने जड झालेला असतो आणि शल्यविशारदाला तो उचलून धरावा लागतो. या आहाराने यकृत आक्रसते आणि दुर्बिणीला वाट मिळते. नेमक्या याच दिवसांत नातेवाईक “नंतर खाता येणार नाही” म्हणून प्रेमाने जेवायला बोलावतात. ही आमंत्रणे घरच्यांनीच नाकारावीत. रुग्णाला नाही म्हणणे अवघड जाते.

सिगारेट आणि तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद हवेत. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला नकार देणारी स्त्री रोज मिसरी लावत असू शकते, कारण मिसरीला व्यसन मानलेच जात नाही. मिसरीतही तंबाखूच असते. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासनंतर जोडाजवळ व्रण होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या, वजन घटवणारी इंजेक्शने आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका त्यांच्यामुळे असतो.

मुक्काम. झोपेत श्वास अडखळू नये म्हणून सीपॅप यंत्र लावणाऱ्याने स्वतःचे यंत्र आणि मास्क सोबत न्यावा. सैल, पुढून उघडणारे कपडे, पायाला न आवळणाऱ्या चपला, औषधांची यादी आणि जुने अहवाल एवढे सामान पुरते. पलंग, व्हीलचेअर, स्ट्रेचर आणि शौचालयातील कमोड आपले वजन पेलतील का, हे रुग्णालयाला फोनवर निःसंकोच विचारावे. ऐनवेळी मापाचा गाऊन किंवा रक्तदाबाचा पट्टा नसला, की रुग्णाला होणारा अपमान फार खोल जातो. स्थूल माणसाने तो आयुष्यभर सोसलेला असतो. रुग्णालयात तरी तो वाट्याला येऊ नये.

भूल उतरल्यावर काही तासांतच आधार देऊन उभे करतात आणि चालवतात. पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, ही या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत घातक गुंतागुंतींपैकी एक आहे. त्यासाठीच हे चालणे, पायांतले घट्ट मोजे आणि रक्त गोठू न देणारी इंजेक्शने असतात. तीन छोट्या चेंडूंच्या श्वासाच्या यंत्रातून दर तासाला श्वास आत ओढल्याने फुप्फुसे मोकळी राहतात. खांद्यात होणारी वेदना बहुधा पोटात भरलेल्या वायूमुळे असते आणि दोन-तीन दिवसांत कमी होते. मात्र स्वस्थ पडून असताना नाडी १२० च्या पुढे जाणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा धाप यांना वायू समजू नये. जठराच्या टाक्यांतून गळती होत असल्याची ती खूण असू शकते. गळती घरी गेल्यावरही, पहिल्या काही आठवड्यांत उद्भवते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला आलेल्या रुग्णाने सुट्टी मिळताच रात्रीची बस धरू नये. काही दिवस जवळच राहावे, आणि परतताना वाटेत थांबून पाय मोकळे करत जावे.

घरी. पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी आणि डाळीचे निवळ पाणी चालते. नंतर साधारण दोन आठवडे ताक, दूध, गाळलेले मुगाचे कढण आणि प्रथिनांची पावडर. त्यापुढे घोटलेले वरण, मऊ पनीर, दही, अंडे, काटे काढलेला मासा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधे जेवण. पाणी घोट-घोट, दर १५ मिनिटांना सुमारे ३० मिलिलिटर प्यायचे. सावकाश वाढवत ते दिवसाला दीड लिटरपर्यंत न्यायचे. जेवताना पाणी नाही. जेवण आणि पाणी यांत अर्धा तास अंतर. ताटात आधी प्रथिने संपवावीत, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने शाकाहारी घरात नुसत्या वरणातून मिळत नाहीत. वाटीभर वरणात प्रथिने जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात.

ताट लहान झाले की घरातली माणसे हळहळतात आणि ‘अजून दोन घास’ वाढतात. तो आग्रह येथे उलटी घडवतो. बायपासनंतर श्रीखंड, पुरणपोळी किंवा उसाचा रस वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. निर्जळी उपवास सुरुवातीचे महिने अजिबात करू नयेत. साबुदाण्याचा उपवासही नको, कारण त्यात प्रथिने नसल्यातच जमा. पाण्याची भरलेली बादली, गॅस सिलिंडर आणि कडेवरचे मूल चार ते सहा आठवडे उचलायचे नाही.

बहुजीवनसत्त्वाची गोळी, कॅल्शियम सायट्रेट, लोह, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ आयुष्यभर घ्यावे लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाची औषधे पहिल्या आठवड्यातच कमी करावी लागतात. जुन्याच मात्रेत इन्सुलिन घेतल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात, आणि प्रथिने व लोह पुरेसे असल्यास पुन्हा येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेकांना सहा महिने औषध देतात. वजन घटल्यावर पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, पण १२ ते १८ महिने ती टाळावी. दारू लवकर चढते, आणि तिची सवय लागण्याचा धोकाही वाढतो.

वारंवार उलट्या होत असतील, तर ती तातडीची बाब समजावी. बी-१ जीवनसत्त्व संपून डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, तोल जाणे आणि गोंधळल्यासारखे होणे सुरू होते. अशा वेळी अशक्तपणा म्हणून आधी ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूची हानी वाढू शकते. बी-१ चे इंजेक्शन आधी द्यावे लागते. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती असणे जीवनरक्षक ठरते. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, हेही त्यांना ठाऊक हवे. डिस्चार्ज कार्डाची प्रत पाकिटात ठेवावी आणि शस्त्रक्रियेचा प्रकार त्यावर स्पष्ट लिहून घ्यावा. बायपासनंतर बाजूला पडलेल्या जठरापर्यंत नेहमीची एंडोस्कोपी पोहोचत नाही, आणि तपासणाऱ्याला ते कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नसतो.