गंधकाची डबी आणि मॅडम वॉकर

गंधक, मोरचूद, मधमाश्यांचं मेण, खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली, किंचित कार्बोलिक आम्ल आणि वासासाठी व्हायोलेट फुलांचा अर्क. एवढ्या जिनसांचं मलम चपट्या पत्र्याच्या डबीत भरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत दारोदार विकलं जाई. या मलमावर एका धोबिणीने कारखाना उभा केला आणि हजारो कृष्णवर्णीय बायकांच्या हाताला काम दिलं. तिच्या श्रीमंतीची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. त्या डबीतलं रसायन नेमकं काय करत होतं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

या धोबिणीचा, म्हणजे पुढे मॅडम वॉकर झालेल्या सारा ब्रीडलव्हचा, जन्म 23 डिसेंबर 1867 रोजी लुइझियानातल्या डेल्टा गावी, कापसाच्या मळ्यावर झाला. आई-वडील गुलामीत राहिलेले. घरात गुलामीबाहेर जन्मलेलं हे पहिलंच मूल. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी लग्न झालं, विसाव्या वर्षी पदरात लहान मुलगी असताना वैधव्य आलं. भाऊ सेंट लुईसमध्ये न्हाव्याचं काम करत होते, म्हणून ती तिकडे गेली आणि दिवसाला एक-दीड डॉलरवर लोकांचे कपडे धुऊ लागली. तिशीच्या आतबाहेर तिचे केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले.

ही तिच्या एकटीची व्यथा नव्हती. त्या काळी गरिबांच्या घरात नळ नसे. न्हायचं म्हणजे पाणी लांबून वाहून आणायचं आणि तापवायचं, त्यामुळे अनेक बायका महिन्यातून एखाद्याच वेळी केस धुवत. साबण असायचा तोही कपडे धुण्याचा, कडक क्षाराचा. केसांचा पृष्ठभाग मुळात किंचित आम्लधर्मी असतो. क्षार लागला की वरचे खवले फुगून उघडतात आणि केस ठिसूळ होतो.

शिवाय घट्ट कुरळ्या केसाची घडणच वेगळी असते. तो त्वचेतल्या वाकड्या कूपातून उगवतो आणि त्याचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळतं. वळणावळणांच्या केसावर ते मुळाशीच अडून राहतं. टोकं कोरडी पडून तुटतात आणि मुळाशी तेल साचतं, अशी दुहेरी अडचण होते.

या तेलावर मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी जगते. ती तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच डोक्यावर असते. तेलातली चरबी फोडून ती स्वतःला हवा तो भाग खाते आणि ओलेइक आम्लासारखे पदार्थ मागे ठेवते. हे आम्ल अनेकांच्या त्वचेला झोंबतं. मग त्वचेच्या पेशी वेळेआधीच, थरच्या थर सुटू लागतात. त्यालाच आपण कोंडा म्हणतो. कोंडा वाढला की खाज येते, खाजवून त्वचा सोलवटते, आणि अशा आजारी जमिनीत केस टिकत नाही.

गंधकाचं काम इथे सुरू होतं. ते त्वचेवरचा मेलेला थर सैल करतं आणि बुरशीलाही आवर घालतं. आपल्याकडे खरजेवर गंधकाचं मलम लावत, ते वापरलेल्यांना त्याचा वास आठवत असेल. अमेरिकेच्या औषध नियमांत कोंड्यावरच्या औषधांच्या यादीत 2 ते 5 टक्के गंधक आजही आहे. मेण आणि पेट्रोलियम जेली गंधकाला जागेवर धरून ठेवतात आणि कोरड्या केसातला ओलावा उडू देत नाहीत. म्हणजे डबीत चमत्कार नव्हता, पण जे होतं ते योग्य होतं. मला तर वाटतं, मलमाइतकंच महत्त्व सोबतच्या शिकवणीला होतं: डोकं वारंवार धुवा, त्वचा स्वच्छ ठेवा, मग मलम लावा.

मलमाचं ‘केस उगवणारं’ हे नाव मात्र अतिशयोक्त होतं. केसाचं मूळ जिवंत असेल तर त्वचा बरी झाल्यावर तो आपला आपण महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मूळच मेलं असेल तर गंधक काही करू शकत नाही.

हे मलम साराचा एकटीचा शोध होता, असंही म्हणता येणार नाही. गंधकाचा गुण जुनाच माहीत होता. तिच्याआधी ॲनी टर्नबो, पुढच्या ॲनी मेलोन, असंच औषध विकत होत्या. शाळेत रसायनशास्त्राची गोडी लागलेल्या या बाईंनी स्वतः प्रयोग करून औषध बनवलं, आणि सारा काही काळ त्यांचीच विक्रेती होती. मेलोन यांनी पुढे सेंट लुईसमध्ये ‘पोरो कॉलेज’ ही भव्य संस्था उभारली. त्यांचं नाव मागे पडावं याचं मला वाईट वाटतं.

1905 मध्ये सारा डेन्व्हरला गेली. पुढल्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न झालं आणि तिने धंद्यासाठी ‘मॅडम सी. जे. वॉकर’ हे नाव घेतलं. गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला, ती कितीही वयाची असो, नुसत्या नावाने हाक मारत, तो हा काळ. ‘मॅडम’ म्हटल्यावर समोरच्याला मान द्यावाच लागे. म्हणून इथून पुढे मीही त्यांना अहोजाहोच करणार.

1910 मध्ये त्यांनी इंडियानापोलिसला बस्तान हलवून कारखाना काढला. 1912 मध्ये शिकागोला कृष्णवर्णीय उद्योजकांच्या अधिवेशनात अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात. शेवटच्या दिवशी त्या न विचारता उभ्या राहिल्या. आपण कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबापाशी आलो, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून स्वतःच स्वतःला बढती देऊन या धंद्यात आलो. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचा कारखाना बांधला, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर त्यांना मानाने बोलावलं गेलं.

1917 मध्ये फिलाडेल्फियाला त्यांच्या विक्रेत्या बायकांचं पहिलं अधिवेशन भरलं, दोनशेहून अधिक जणी आल्या. जमावाने माणसं ठार मारण्याविरुद्ध कायदा करा, अशी तार या बायकांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना पाठवली. तसा केंद्रीय कायदा व्हायला 2022 साल उजाडलं. मॅडम वॉकर 25 मे 1919 रोजी, अवघ्या 51 व्या वर्षी गेल्या.

केस सरळ करणारी गरम फणी त्यांनीच शोधली, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही, फणी आधीपासून होती. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्यातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकार देणारे कच्चे रासायनिक दुवे, उष्णतेने सुटतात आणि केस सरळ होतो. पाणी किंवा घाम लागला की बंध पुन्हा जुळतात आणि कुरळेपणा परत येतो. केराटिनातल्याच गंधकाच्या अणूंमधले बंध मात्र फार चिवट असतात, आणि केसाचं वळण कायमचं बदलायचं तर त्यांनाच हात घालावा लागतो.

वॉकर कंपनीच्या सौंदर्य-शाळांच्या पर्यवेक्षक मार्जोरी जॉयनर यांना टिकाऊ वळणच हवं होतं. मांस आतून शिजावं म्हणून त्यात खुपसायच्या धातूच्या सळया पाहून त्यांना युक्ती सुचली: अशा सळयांवर केस गुंडाळून सगळे एकदम विजेने तापवायचे. 27 नोव्हेंबर 1928 रोजी या यंत्राला पेटंट मिळालं. हक्क कंपनीकडे गेले, जॉयनर यांच्या हाती जवळजवळ काहीच पडलं नाही. त्या मात्र शिकवत राहिल्या. यंत्राखाली बसलेल्या बायका टाळू भाजते म्हणून कुरकुरत, तेव्हा त्यांनी डोक्याची त्वचा वाचवणारं एक कवच तयार केलं. 1929 मध्ये त्यांना त्याचंही पेटंट मिळालं.